येतो म्हणणाऱ्यांचं उपनगर

माझे सासरे रंगनाथ गुंजाळ, म्हणजे आमचे आप्पा, संगमनेरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. नियंत्रक हे हुद्द्याचं नाव. गावाच्या लेखी ते स्टँडचा आवाज होते. त्यांनी माइकवर 'प्रवाशांनी लक्ष द्यावे' म्हटलं की रसवंतीचे घुंगरूसुद्धा थांबायचे, असं माझा नवरा विक्रांत सांगतो. विक्रांतच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं, तरी निम्मं उरतंच. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकलं, तेव्हा आप्पांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, 'पुण्याहून आलेली केतकी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे,' अशी घोषणा केली होती आणि सासूबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या होत्या.

सासूबाई गेल्या आणि तो आवाज बंद झाला. घोषणा तर सोडाच, पाऊण वर्ष आप्पा हो-नाहीच्या पुढे गेले नाहीत. आम्ही पुणं सोडून त्यांच्याकडे राहायला आलो, तरी फरक पडला नाही. डॉक्टरांनी घसा तपासला, कान तपासले, मेंदूचं चित्र काढलं. सगळं ठीक. पण या वयात बोलणं असंच बंद राहिलं तर त्याच्या मागोमाग स्मरणशक्तीही जाते, असं ते म्हणाले. यावर औषध काय, तर माणसं. ती संगमनेरात होती. बबनराव कानवडे, एसटीचे जुने ड्रायव्हर, रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसायचे. समोरच्या शैलाकाकू सकाळी फुलं तोडता तोडता डोकावायच्या. हळूहळू आप्पांचे शब्द परत आले. घोषणा मात्र त्यांनी पुन्हा कधी केली नाही. आमची आठ वर्षांची ओवी त्यासाठी फार मागे लागायची. "माइक कुठंय गं माझ्याकडं?" असं म्हणून ते तिला टाळायचे.

अशात मला हैदराबादची नोकरी मिळाली.

मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. संगमनेरात दुधातल्या जंतूंवर नजर ठेवत होते, आणि आता एका मोठ्या संस्थेत डेंग्यूच्या नव्या लशीवर काम करायचं होतं. अशी संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. आप्पा म्हणाले, "तुम्ही जा. मी इथं बरा आहे." विक्रांत म्हणाला, "आप्पा नाहीत तर मीही नाही." त्याचं काम घरूनच चालायचं, त्याला कुठंही राहून चाललं असतं. पण आप्पांना एकटं ठेवायचं नाही, आणि इथून उचलून नेलं तर ते पुन्हा मुके होतील, या दोन भीतींच्या मधे तो अडकून बसला होता. मला दोघांचाही राग येत होता, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही पटत होतं. शेवटी सगळं एका प्रश्नावर येऊन ठेपलं. हैदराबादच्या कुठल्या उपनगरात राहिलं तर आप्पांचा आवाज टिकेल?

या प्रश्नासाठी संस्थेने आम्हाला 'बिऱ्हाड' दिलं.

बदलीच्या माणसांना घर शोधून देणारी ॲप्स पुष्कळ झाली. भाडं, शाळा, पाणी, हवा, सगळं सांगतात. 'बिऱ्हाड' ते सांगायचंच, पण त्याचं खरं काम निराळं होतं. पुण्याच्या मंदार ओगलेंनी ते मला पडद्यावरून समजावून दिलं. ओगले त्या कंपनीत मराठी घरांचं काम पाहायचे.

"मॅडम, हवामान खातं अंदाज कसा काढतं, माहीत असेल तुम्हाला. आजची हवा संगणकात एकदाच पुढे चालवत नाहीत. तापमान जरासं बदलून, वारा जरासा बदलून पुन्हा पुन्हा चालवतात. बहुतेक वेळा पाऊस आला तर पाऊस सांगतात. आम्ही हेच तुमच्या घराचं करतो."

म्हणजे असं, की घरात आधी काही आठवडे 'कानोसा' नावाची बत्ताशाएवढी यंत्रं ठेवायची. ती सगळं बोलणं साठवत नाहीत, बोलण्याची जात ओळखतात आणि पडताळणीपुरते दोन-चार शब्दांचे नमुने ठेवतात. हा प्रश्न होता, हा नकार, ही चेष्टा, हे वचन. कोण कोणाशी किती बोलतं, कशानंतर आवाज चढतो, कशानंतर बसतो, हेही ती टिपतात. त्यावरून घरातल्या प्रत्येकाचं एक प्रतिरूप तयार होतं. त्याला मन नसतं, पण सवयी आपल्याच असतात. दुसरीकडे हैदराबादच्या प्रत्येक उपनगरातल्या शेकडो घरांनी वीजबिलातल्या सवलतीपोटी असेच कानोसे लावून घेतले होते. त्यातून त्या त्या वस्तीचं प्रतिरूप झालेलं होतं. मग यंत्र आपलं घर त्या वस्तीत ठेवतं आणि दहा वर्षं पुढे नेतं. कधी ओवीला शाळेत मैत्रीण लवकर मिळते, कधी उशिरा. कधी आप्पांचा गुडघा दुखतो, कधी नाही. अशी हजारो आयुष्यं रात्रीतून जगून होतात आणि बहुतेक आयुष्यं कुठल्या वाटेने गेली, ते सकाळी कळतं.

मी जन्माची शंकेखोर. प्रयोगशाळेत मी कुणाचं काही पुराव्याशिवाय घेत नाही. पण हे मला पटलं. ज्याने कुणी हे पहिल्यांदा मनात आणलं असेल, त्याला नमस्कार करावा असं वाटलं.

कानोसे आले. एक ओट्यावर, एक दाराशी, बाकीचे आत. ओवीने प्रत्येकाला नाव ठेवलं. शैलाकाकू पहिले दोन दिवस ओट्यावर कुजबुजत बोलल्या, तिसऱ्या दिवशी विसरल्या आणि वरच्या आळीतल्या एका लग्नाची पूर्ण हकिकत त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितली. बबनराव त्या यंत्राकडे बोट करून म्हणाले, "रंगा, हा बघ तुझा माइक आला." आप्पा नुसतं हसले. ओवी माझ्याकडे बघायला लागली, आता घोषणा होणार म्हणून. झाली नाही.

माझी निवड मनात आधीच झालेली होती, हेही सांगून टाकते. नवसरोवर. संस्थेपासून पायी दहा-पंधरा मिनिटं. तळं, वाचनालय, उत्तम शाळा, आणि मुख्य म्हणजे मराठी कुटुंबांची चिक्कार वस्ती. गणपती बसतो, दिवाळी पहाट होते, ज्येष्ठांसाठी मंडळ आहे. परक्या गावात आप्पांना मराठी बोलणारी माणसं मिळाली तर आणखी काय हवं? विक्रांतलाही ते पटलं होतं. यंत्राने फक्त मान डोलवायची बाकी होती.

एका रविवारी सकाळी निकाल आला. पहिल्या क्रमांकावर रावितोट.

रावितोट आम्ही नकाशावर शोधलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बैठ्या घरांची जुनी वसाहत. माझ्या प्रयोगशाळेपासून गाडीने तासाभराचा रस्ता. शाळा बरी. तळं नाही. मराठी घरं औषधालासुद्धा नाहीत. नवसरोवर यादीत चौथं होतं.

"यंत्र बिघडलंय," मी म्हणाले.

"कारण विचार ना त्याला," विक्रांत म्हणाला.

विचारलं. यंत्राने स्वच्छ मराठीत उत्तर दिलं, की आप्पांचं बोलणं एका गोष्टीला बांधलेलं आहे. त्यांच्या दाराशी माणसं परत येण्याचं वचन देतात. ते वचन पाळलं गेलं की आप्पा दुसऱ्या दिवशी जास्त बोलतात. मोडलं की संध्याकाळपर्यंत गप्प होतात. नवसरोवरच्या मराठी दारांशी अशी वचनं रोज दिली जातात, पण देणारी माणसं क्वचितच परत येतात. तिथे बहुतेक आयुष्यांत दुसऱ्या वर्षापर्यंत आप्पांचं बोलणं थांबतं. रावितोटला वचनं दिली जातात आणि पाळली जातात.

वचनं? आमच्या दाराशी? बबनराव काय आप्पांना वचनं देत होते? मी नमुने उघडले. दारावरच्या कानोशाने 'वचन' म्हणून खूण केलेले क्षण एकामागून एक ऐकू लागले. 'येतो रंगा.' 'येते हं आप्पा.' 'बरं, येतो मग.' शैलाकाकू, बबनराव, पेपरवाला, मी स्वतः.

मी इतकी हसले की ओवी धावत आली.

आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही. ते अशुभ. 'येतो' म्हणायचं आणि जायचं. पाच वर्षांच्या पोराला कळतं, ते त्या हजारो आयुष्यं जगणाऱ्या यंत्राला कळलं नव्हतं! त्याने निघालेल्या प्रत्येक माणसाचं म्हणणं शब्दशः घेतलं होतं. हा माणूस येतो म्हणाला, म्हणजे येणार. नवसरोवरची बिचारी मराठी माणसं आपल्या रीतीने येतो म्हणून घरी जात होती, आणि यंत्र त्यांच्या नावावर मोडलेली वचनं मांडत होतं.

मी ओगलेंना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, हे नमुने मी स्वतः तपासलेत. आमच्या मराठी गटात सहा जण आहोत. एकाच्याही कानाला लागलं नाही. दुसऱ्या भाषेच्या माणसाने विचारलं तरी असतं, हा निघालाय तर येतो का म्हणतोय. आम्ही रोज म्हणतो, त्यामुळे आम्हाला तो शब्द ऐकूच येत नाही हो."

त्यांनी त्याच दिवशी दुरुस्ती केली. मराठी घरात, दाराशी, निघताना म्हटलेलं 'येतो' म्हणजे निरोप. वचन नव्हे. यंत्राने आमची सगळी आयुष्यं पुन्हा जगून काढली आणि दुसऱ्या दिवशी नवसरोवर पहिलं आलं, चांगल्या फरकाने. रावितोट कुठल्या कुठे गेलं.

माझी स्वारी खुशीत होती. एवढ्या मोठ्या यंत्राची चूक आपण पकडली, पायी जाता येईल असं घर मिळालं, रोज सकाळी ओवीला शाळेत सोडता येणार. मी संध्याकाळी थालीपिठं लावली. जेवताना सगळी गंमत आप्पांना रंगवून सांगितली. विक्रांत पोट धरून हसला. ओवीने बबनरावांची नक्कल केली.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी ताटातला घास तसाच ठेवला.

"निरोपाचं म्हणतेस तू?" त्यांनी विचारलं.

"हो आप्पा. म्हणायची पद्धत. त्याचा अर्थ येतो असा थोडाच असतो?"

"मंग कसा असतो?"

विक्रांत मधे पडला. "आप्पा, आपण म्हणतो नुसतं. सवय असते."

"मी नाही नुसतं म्हणत," आप्पा म्हणाले. "केतकी, स्टँडवर मी बोललो ना, की नाशिक गाडी येत आहे, तर माणसं पिशव्या उचलून उभी राहायची. लेकुरवाळ्या बाया, म्हातारी माणसं. गाडी घाटात अडकू दे, टायर फुटू दे, उशीर होऊ दे. पण न येणारी गाडी येते म्हणून मी कधी बोललो नाही."

इतकं सलग ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

"तुझी सासू नाशिकला दवाखान्यात जायला निघाली, तेव्हा दारात थांबली. चप्पल घातलेली होती. विक्रांत गाडी काढत होता. मला म्हणली, येते हं. तिनं निरोप नव्हता घेतला माझा. येते म्हणून सांगितलं होतं. मंग मी काय करणार? वाट बघत बसलो. तुम्ही म्हणायचा आप्पा बोलत नाहीत. वाट बघणाऱ्या माणसाला काय बोलायचं सुचतं?"

विक्रांतने ताट बाजूला सारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि माझ्याही. पाऊण वर्ष आम्ही त्यांचा घसा तपासत होतो.

"मंग बबन यायला लागला," आप्पा म्हणाले. "जाताना येतो म्हणायचा आन दुसऱ्या दिवशी यायचा. शैला यायची. रोज. तवा मला वाटलं, शब्द काही खोटा नसतो. हिला तेवढं जमलं नाही, एवढंच. तुझ्या त्या यंत्राला हे कसं कळलं गं? मी तर कुणाला सांगितलं नव्हतं."

ते उठून हात धुवायला गेले. थालीपीठ ताटात तसंच राहिलं.

कसं कळलं, ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. मी दुरुस्तीच्या आधीची सगळी निरीक्षणं मागवून घेतली, आणि हे मला पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, कारण माझा धंदाच तो आहे. यंत्राला शब्दाचा अर्थ चुकीचा शिकवलेला होता, यात शंका नाही. पण त्या अर्थावर विसंबून ते थांबलं नव्हतं. येतो म्हणणारा खरोखर आला का, हे त्याने दर वेळी पाहिलं होतं, आणि आला तर आप्पांचा आवाज कसा होतो, नाही आला तर कसा होतो, हेही. विक्रांतला त्याच शब्दाने काही फरक पडत नव्हता. मला नव्हता, ओवीला नव्हता. एकट्या आप्पांना पडत होता. बबनराव पुतण्याच्या लग्नाला गेले, त्या दिवसांत आलेखावरची आप्पांच्या बोलण्याची रेघ पार खाली बसलेली होती. आम्ही त्याच घरात होतो. आम्हाला दिसली नव्हती.

आणि ही सगळी समजूत मी शहाणपणाने एका ओळीत पुसून टाकली होती.

मला त्या यंत्राचं फार कौतुक वाटलं, अगदी मनापासून. आपल्या माणसाला काय म्हणायचं आहे, ते आपण आधीच गृहीत धरून ऐकतो. त्याने काय म्हटलं ते ऐकत नाही. त्या बत्ताशांनी आप्पांचं म्हणणं ऐकलं होतं.

तरीही रावितोट म्हणजे माझ्या रोजच्या दिवसातले दोन तास जाणार होते. सकाळी ओवी उठायच्या आत निघावं लागणार होतं. मी ते विक्रांतला स्पष्ट सांगितलं. "मला हे जड जाणार आहे. मी हसतमुखाने त्याग वगैरे करणार नाही. चिडचिड करीन."

"कर," तो म्हणाला. "ओवीच्या सकाळी माझ्याकडे. शिवाय चिडचिड ऐकायलाही मीच."

आप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "एकदा बघू तरी, कोण माणसं आहेत ती." त्यांनी एवढं म्हटलं आणि विक्रांतने त्याच दिवशी घर नक्की केलं.

निघायच्या दिवशी ओट्यावर बबनराव उभे होते. आप्पा गाडीत बसले, पुन्हा उतरले, त्यांच्यापाशी गेले आणि म्हणाले, "येतो रे." बबनराव म्हणाले, "ये." मला त्या दोन शब्दांकडे आता नेहमीसारखं बघता येत नव्हतं. दिवाळीला आप्पांना संगमनेरला आणायचंच, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

रावितोटच्या गल्लीत दुतर्फा कडुनिंब होते आणि प्रत्येक घराला कमरेएवढं लोखंडी फाटक. सामान अजून उतरत होतं, तेवढ्यात शेजारच्या फाटकातून साठीच्या एक बाई हातात चिंचेच्या भाताचं पातेलं घेऊन आल्या. सत्तेम्मा त्यांचं नाव. त्यांना मराठी येत नव्हतं, आम्हाला तेलुगू. दोन्हीकडून मोडकं हिंदी सुरू झालं. त्यांनी ओवीचा गाल ओढला, स्वयंपाकघर पाहिलं, नळाला पाणी कधी येतं ते बोटांनी दाखवलं. मग फाटकाशी जाऊन त्या आप्पांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "वस्ता अण्णा."

आप्पा गोंधळले. "वस्ता? वस्तीला येतो म्हणतायत का? मुक्कामाला?"

एसटीत रात्रीच्या मुक्कामी गाडीला वस्तीची गाडी म्हणतात, त्यामुळे आप्पांचं डोकं तिकडे गेलं. मलाही काही कळलं नव्हतं. बाई तर स्वतःच्या घरी निघालेल्या दिसत होत्या. तेवढ्यात त्यांचे यजमान मल्लय्या फाटकावर हात टेकून उभे राहिले. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले, हैदराबादी हिंदी त्यांच्या तोंडात अगदी घोळलेलं.

"अरे नहीं साहब," ते हसून म्हणाले, "वस्ता बोले तो, आती हूँ बोली. हमारे में जाते वक्त जाती हूँ नहीं बोलते. आती हूँ बोलते."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे.

रावितोटला वचनं दिली जातात, असं यंत्र म्हणालं होतं. ती कुठल्या शब्दांत, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. एवढ्या लांब, अक्षरं वाचता येत नाहीत अशा गावात, दारातून निघणारा माणूस आपलाच शब्द बोलत होता.

"पण येतात का बघू," आप्पा पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून ते फाटकाजवळ खुर्ची टाकून बसले. पेपर हातात होता, पण पान उलटत नव्हतं. मी खिडकीतून बघत होते. त्या बाई आज कामात असतील तर? विसरल्या तर? मनात येत होतं, की आपण जाऊन हळूच बोलावून आणावं. विक्रांतने माझा हात धरला. "अजिबात नाही. तसं आणलेलं त्यांना कळेल."

ऊन उतरलं आणि शेजारचं फाटक वाजलं. सत्तेम्मा आल्या. रिकामं पातेलं न्यायला आलेल्या दिसत होत्या, पण पातेलं हातात घेऊनही त्या पायरीवर टेकल्या, मागून मल्लय्या स्वतःची खुर्ची घेऊन आले, आणि मग त्या तिघांचं कुठल्या भाषेत काय चाललं होतं ते त्यांनाच ठाऊक. निघताना सत्तेम्मा पुन्हा म्हणाल्या, "वस्ता अण्णा." आप्पांनी मान डोलावली. त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले.

ओगलेंचा मधे फोन आला होता. आप्पांची गोष्ट मी कळवल्यापासून, येतो हा शब्द आता वचन म्हणून ठेवायचा की निरोप म्हणून, यावर त्यांच्या गटात भांडणं लागली होती. मी त्यांना सांगितलं, "ते तुम्ही ठरवू नका. आधी ते यंत्र जसं करत होतं, तसंच करू द्या. ज्याच्या त्याच्या घरात बघू द्या त्याला." त्यांनी तसं केलं. आता म्हणे यंत्र प्रत्येक घरात तो शब्द नव्याने शिकतं.

माझी चिडचिड ठरल्याप्रमाणे सुरू झाली. तासाभराचा रस्ता, ओवी झोपेत असताना तिचा पापा घेऊन निघणं, संध्याकाळी दमून येणं. रावितोटच्या नावाने मी बोटं मोडायची आणि विक्रांत ऐकून घ्यायचा. एका सकाळी तर फारच झालं. प्रयोगशाळेत लशीच्या पहिल्या चाचणीचे निकाल येणार होते, मला उशीर झाला होता, डब्याचं झाकण सापडत नव्हतं. मी चप्पल पायात सरकवली, "चला, जाते मी!" असं ओरडले आणि फाटक ढकलून सुटले. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मी अर्ध्या गल्लीत पोचले असेन.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे!"

माझे पाय जागच्या जागी थांबले. गल्लीत पाणी भरणाऱ्या बायका वळल्या. मल्लय्यांनी दात घासता घासता मान वर केली. आप्पा फाटकात सरळ उभे होते, एक हात कानाशी, आणि तो आवाज, ज्याच्याबद्दल विक्रांत सांगतो तो, माइकशिवाय कडुनिंबांच्या वरून येत होता.

"रावितोटहून प्रयोगशाळेकडे जाणारी केतकी... येते न म्हणता... फलाटावरून सुटलेली आहे! सदर गाडीने त्वरित फलाटावर परत यावे!"

खिडकीत ओवी झोपेच्या कपड्यांत उभी होती. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. तिच्या मागे विक्रांत होता, तो हसत नव्हता, रडत होता.

मी परत वळले. निकाल थांबले असते थोडा वेळ. धावत फाटकापर्यंत गेले, आप्पांच्या समोर उभी राहिले आणि सासूबाई ज्या शब्दांत म्हणाल्या होत्या, त्याच शब्दांत म्हणाले.

"येते हं, आप्पा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"म्हणलीस ना?" ते म्हणाले. "मंग ये."